ग्राफिक्स कार्ड निवडताना ‘किती जीबी?’ हा प्रश्न शेवटी विचारावा

लखनौच्या हजरतगंजला लागून असलेल्या लालबाग भागातील नाझा मार्केट हा संगणक आणि त्याच्या सुट्या भागांचा परिचित बाजार आहे. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीतील नेहरू प्लेस ज्यांनी पाहिले आहे, त्यांना असा बाजार कसा असतो हे वेगळे सांगावयास नको. येथे ग्राफिक्स कार्ड घेण्यासाठी आलेला ग्राहक बहुधा एकच प्रश्न विचारतो, ‘कितने जीबी का है?’ विक्रेता आकडा सांगतो, किमतीची घासाघीस होते आणि व्यवहार पूर्ण होतो. हा प्रश्न चुकीचा नाही. परंतु तो सर्वांत शेवटी विचारावयाचा आहे. तो पहिला विचारला गेल्यामुळे अनेक घरांत महागडे कार्ड येते आणि त्याची निम्मी शक्तीही वापरात येत नाही, किंवा जे काम करावयाचे होते नेमके तेच त्याच्याकडून होत नाही.

रक्कमही लहान नसते. करपूर्व २५ हजार रुपयांच्या कार्डावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला तर साडेचार हजारांची भर पडून ते २९ हजार ५०० रुपयांना पडते. मध्यमवर्गीय घरातील असेंबल्ड संगणकात हाच बहुधा सर्वांत महाग सुटा भाग असतो. खोके उघडल्यावर ‘आवडले नाही’ म्हणून ते परत करण्याची सोय दुकानात सहसा नसते.

हे कार्ड घेणारे ग्राहक ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. एक, संगणकावर खेळ खेळणारा विद्यार्थी किंवा नोकरदार तरुण. दुसरा, लग्नसमारंभांच्या चित्रीकरणाचे संकलन करणारा व्यावसायिक. लखनौ परिसरात लग्नसराईला ‘सहालग’ म्हणतात आणि त्या दिवसांत संकलकांच्या टेबलावर कामाचा ढीग पडलेला असतो. कित्येकदा हे दोन ग्राहक एकाच घरात असतात व संगणकही एकच असतो. दिवसा वरातीचे दृश्य कापले जाते आणि रात्री त्याच पडद्यावर खेळ सुरू होतो. या दोघांच्या गरजा मात्र बऱ्याच निराळ्या आहेत आणि दुकानदाराने पुढे केलेले एकच कार्ड दोघांनाही योग्य ठरेल असे नाही.

कार्ड नेमके काय करते

संगणकाच्या पडद्यावरील चित्र असंख्य ठिपक्यांचे बनलेले असते. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरविणे हे ग्राफिक्स कार्डाचे मूळ काम होय. एनव्हिडिया कंपनीने १९९९ मध्ये ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड बाजारात आणले, तेव्हापासून या चिपला ‘जीपीयू’ म्हणण्याचा प्रघात रूढ झाला. मुख्य प्रोसेसर थोडी पण गुंतागुंतीची कामे वेगाने करतो, तर जीपीयू साधी पण संख्येने प्रचंड कामे एकाच वेळी उरकतो.

ही संख्या किती प्रचंड असते, हे साध्या गुणाकाराने कळते. १९२० गुणिले १०८० आकारमानाच्या, म्हणजे ‘फुल एचडी’ पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर ३६ लाख ८६ हजार ४००, तर ‘फोर के’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पडद्यावर ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके असतात, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. खेळ सुरळीत दिसावा यासाठी सेकंदाला किमान ६० चित्रे अपेक्षित धरली, तर फुल एचडीवर सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी आणि फोर केवर सुमारे ५० कोटी ठिपके रंगवावे लागतात.

म्हणून पहिला प्रश्न कार्डाविषयी नसून पडद्याविषयी आहे. घरात ६० हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर असेल, तर तो सेकंदाला ६० पेक्षा अधिक चित्रे दाखवूच शकत नाही. त्यामागे दीडशे चित्रे काढणारे कार्ड लावले, तर हाताच्या हालचालीला मिळणाऱ्या प्रतिसादात किंचित फरक पडेल. डोळ्यांना दिसणारा लाभ मात्र नगण्य राहील. अशा वेळी तेच पैसे कार्ड आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर यांत विभागून खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरते. ही गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते.

आणखी एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. आधुनिक ग्राफिक्स चिपमध्ये चित्र रंगविणाऱ्या भागाखेरीज व्हिडिओसाठी एक स्वतंत्र विभाग असतो. चित्रफीत दाबून साठविणे आणि दाबलेली चित्रफीत उलगडून दाखविणे ही दोन कामे तो करतो. खेळात वेगवान असलेल्या कार्डाचा हा विभाग दुबळा असू शकतो आणि याच्या उलटही घडू शकते. लग्नाची चित्रफीत संकलित करणाऱ्याचे नशीब बहुतांशी या लहानशा विभागावर अवलंबून असते.

जीबीचा भ्रम

कार्डावरील मेमरीची तुलना गोदामाशी करता येईल. गोदाम कितीही मोठे असले तरी दरवाजा अरुंद असेल, तर माल बाहेर काढण्यास वेळ लागणारच. मेमरीच्या बाबतीत हा दरवाजा म्हणजे तिची वहनक्षमता. उदाहरणार्थ, ‘जीटी १०३०’ हे २ जीबीचे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरीसह आले. त्याची वहनक्षमता सेकंदाला ४८ जीबी होती. पुढील वर्षी त्याच नावाने, तितक्याच जीबीची पण साध्या डीडीआर४ मेमरीची आवृत्ती विक्रीस आली आणि तिची क्षमता १७ जीबीच्याही किंचित खाली होती. नाव तेच, जीबी तितकेच आणि वेग जवळजवळ एकतृतीयांश.

हा अपवाद नव्हे. ‘जीटीएक्स १०६०’ या २०१६ च्या कार्डाच्या ३ जीबी व ६ जीबी आवृत्त्यांत केवळ मेमरीचा नव्हे, तर चिपमधील गणन-घटकांच्या संख्येचाही फरक होता. ‘आरटीएक्स ३०६०’ हे २०२१ मध्ये १२ जीबीचे कार्ड म्हणून आले. २०२२ मध्ये त्याच नावाच्या ८ जीबी आवृत्तीची वहनक्षमता ३६० वरून २४० जीबीवर घसरली. ‘आरटीएक्स ३०५०’ च्या ६ जीबी आवृत्तीतही जुन्या ८ जीबी आवृत्तीपेक्षा गणन-घटक कमी आहेत. एकाच नावाखाली निरनिराळा माल विकण्याची ही पद्धत ग्राहकाच्या सोयीची नाही, असे म्हणणे भाग आहे. म्हणून बिलावर केवळ ‘आरटीएक्स ३०५०’ असे न लिहिता मेमरीचा आकार, मेमरीचा प्रकार आणि उत्पादकाचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा.

याच्या नेमके उलट उदाहरण ‘आरटीएक्स ५०६० टीआय’ आणि एएमडीचे ‘आरएक्स ९०६० एक्सटी’ यांचे आहे. २०२५ मध्ये आलेल्या या दोन्ही कार्डांच्या ८ जीबी व १६ जीबी अशा आवृत्त्या आहेत, आणि येथे जीबीचा फरक खरोखरच महत्त्वाचा ठरतो. चिपमध्ये दम असूनही ८ जीबीचे गोदाम भरले, की नव्या व भव्य खेळांत चित्र अडखळते. कारण उरलेला माल संगणकाच्या मुख्य रॅममधून, तुलनेने फारच अरुंद मार्गाने आणावा लागतो. थोडक्यात, दुबळ्या चिपला जादा जीबी देऊन ती सबळ होत नाही, मात्र सबळ चिपला कमी जीबी मिळाले तर ती लंगडी पडते.

खेळणाऱ्याने काय पाहावे

खेळात बुडून गेलेल्या लखनौची कथा प्रेमचंदांनी ‘शतरंज के खिलाड़ी’ मध्ये सांगितली आणि १९७७ मध्ये सत्यजित राय यांनी तिच्यावर चित्रपट काढला. मीर आणि मिर्झा यांना सोंगट्या आणि पट याखेरीज काही लागत नसे. आजच्या खेळाडूचा पट महाग आहे, पण प्रत्येक खेळाला महागडा पट लागतो असेही नाही.

‘व्हॅलोरंट’ हा २०२० मध्ये आलेला स्पर्धात्मक खेळ मुद्दामच साध्या संगणकांवर चालावा अशा बेताने रचलेला आहे. ‘जीटीए ५’ ची मूळ संगणक आवृत्ती २०१५ ची असून मध्यम कार्डावर ती उत्तम चालते. ‘काउंटर-स्ट्राइक २’ या २०२३ च्या खेळात ग्राफिक्स कार्डाइतकेच महत्त्व मुख्य प्रोसेसरला आहे. ज्याला हेच खेळ खेळावयाचे आहेत, त्याने सर्वांत नव्या मालिकेतील वरच्या कार्डासाठी कर्ज काढण्याचे काहीच कारण नाही. याउलट ‘सायबरपंक २०७७’ सारख्या खेळांत प्रकाशाचे किरण प्रत्यक्ष गणिताने मोजून दाखविण्याचे तंत्र वापरले जाते. त्याला ‘रे ट्रेसिंग’ म्हणतात. एनव्हिडियाने २०१८ मध्ये आरटीएक्स मालिकेपासून त्यासाठी वेगळी यंत्रणा चिपमध्ये बसविली. बरीच वर्षे ही सोय ऐच्छिक होती. मात्र डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधील ‘डूम: द डार्क एजेस’ या खेळांसाठी ती अनिवार्य आहे. जीटीएक्स मालिकेतील जुने कार्ड स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्याने ही बाब लक्षात ठेवावी.

कमी ठिपक्यांचे चित्र काढून ते गणिताच्या साहाय्याने मोठे व सुबक करण्याची तंत्रेही आता रूढ झाली आहेत. एनव्हिडियाचे ‘डीएलएसएस’ केवळ आरटीएक्स कार्डांवर चालते, एएमडीच्या ‘एफएसआर’ च्या पूर्वीच्या आवृत्त्या बहुतेक कार्डांवर चालतात, तर इंटेलचे तंत्र ‘एक्सईएसएस’ या नावाने ओळखले जाते. यांचा उपयोग खराच आहे. मात्र जाहिरातीत दुप्पट-तिप्पट वेग दाखविला जातो, तेव्हा त्यात बहुधा ‘फ्रेम जनरेशन’ मोजलेले असते. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये तयार केलेले चित्र घुसविण्याची ही युक्ती आहे. दृश्य त्यामुळे गुळगुळीत दिसते. परंतु कळ दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा वेळ कमी होत नाही. मुळात सेकंदाला २५ चित्रेच निघत असतील, तर या युक्तीने खेळ हाताला जड तो जडच लागतो.

जुन्या संगणकात नवे कार्ड बसविणाऱ्यांसाठी एक तांत्रिक इशारा. कार्ड ज्या खाचेत बसते, त्या पीसीआय एक्स्प्रेस मार्गाच्या कमाल १६ मार्गिका असतात. ‘आरएक्स ६५०० एक्सटी’ या कार्डाला त्यांपैकी केवळ चारच वापरता येतात. नव्या मदरबोर्डवर ते खपून जाते, तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डावर मात्र वेग जाणवण्याइतका घटतो. इंटेलच्या ‘आर्क’ कार्डांची अडचण आणखी वेगळी आहे. त्यांना ‘रिसायझेबल बार’ ही मदरबोर्डवरील सोय लागते आणि इंटेलच्या दहाव्या पिढीपूर्वीच्या प्रोसेसरसाठी ती अधिकृतपणे उपलब्ध नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेले १२ जीबीचे ‘आर्क बी५८०’ हे किमतीच्या मानाने चांगले कार्ड आहे. परंतु आठव्या पिढीच्या संगणकात ते बसविणाऱ्याची निराशा होईल.

सहालग आणि संकलकाचे टेबल

केवळ चित्रपट किंवा यूट्यूब पाहणाऱ्याला स्वतंत्र कार्डाची आवश्यकता नसते, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स यंत्रणा ‘एव्ही१’ या नव्या स्वरूपातील चित्रफीतही सहज उलगडते. उलट ‘आरएक्स ६४००’ व ‘६५०० एक्सटी’ या कार्डांत एव्ही१ उलगडण्याची सोय नाही आणि चित्रफीत दाबून साठविण्याची यंत्रणा तर मुळीच नाही. व्हिडिओचे काम करणाऱ्याने ही दोन कार्डे स्वस्त मिळाली तरी टाळावीत.

संकलनाची कथा वेगळी आहे. लग्नाचे चित्रीकरण आता मोठ्या प्रमाणावर मिररलेस कॅमेऱ्यांवर होते. त्यांतील अनेक कॅमेरे १० बिट, ४:२:२ अशा स्वरूपात चित्रीकरण करतात. या आकड्यांचा अर्थ असा, की साध्या चित्रीकरणापेक्षा रंगांची माहिती अधिक साठविली जाते. त्यामुळे वधूच्या शालूचा लाल रंग किंवा मंडपातील पिवळा उजेड नंतर सावरता येतो. परंतु असे चित्रीकरण एच.२६५ पद्धतीने दाबलेले असेल, तर ते उलगडणे अनेक ग्राफिक्स कार्डांच्या व्हिडिओ विभागाला जमत नाही. एनव्हिडियाच्या बाबतीत ही सोय जानेवारी २०२५ पासून आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेत प्रथम मिळाली. त्यापूर्वीच्या मालिकेतील कार्ड, मग ते लाखाच्या घरातले का असेना, अशी चित्रफीत समोर आली की काम मुख्य प्रोसेसरवर ढकलते. मग वेळपट्टीवर सरकताना चित्र थांबत-थांबत चालते आणि कार्ड ‘खराब’ निघाल्याची तक्रार होते.

गंमत अशी, की हेच काम इंटेलच्या अकराव्या व त्यापुढील पिढीच्या अंगभूत यंत्रणेला, ‘क्विक सिंक’ला, सहज जमते. मात्र बाजारात असेंबल्ड संगणकासाठी अनेकदा ‘आय५ १२४०० एफ’ सारखे प्रोसेसर सुचविले जातात. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते. ‘कार्ड तर घेतच आहात, मग त्याची गरज काय?’ हा विक्रेत्याचा युक्तिवाद खेळणाऱ्याच्या बाबतीत बिनचूक आहे. संकलकाच्या बाबतीत मात्र त्या एका अक्षरासाठी वाचविलेली थोडी रक्कम पुढे कामाच्या तासांच्या रूपाने वसूल होते. घरात एकच संगणक असून तो दोघांनी वापरावयाचा असेल, तर ‘एफ’ नसलेला प्रोसेसर आणि मध्यम दर्जाचे कार्ड ही जोडी केवळ मोठ्या कार्डापेक्षा उपयुक्त ठरते.

तयार चित्रफीत साठविण्याच्या, म्हणजे ‘एक्स्पोर्ट’च्या कामातही पिढीनुसार फरक आहेत. एव्ही१ स्वरूपात हार्डवेअरच्या बळावर चित्रफीत साठविण्याची सोय एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०, एएमडीच्या आरएक्स ७००० आणि इंटेलच्या आर्क मालिकेपासून मिळते. त्यापूर्वीची बहुतेक आरटीएक्स ३० व आरएक्स ६००० कार्डे हे स्वरूप केवळ उलगडू शकतात. तथापि, ग्राहकाच्या हाती पेन ड्राइव्हवर द्यावयाची फीत बहुधा एच.२६४ स्वरूपातच असते, कारण घरातल्या जुन्या टीव्हीवर ती चालली पाहिजे. तेव्हा एव्ही१ साठी अधिक पैसे मोजावेत काय, हा विचार यूट्यूबवर नियमित प्रसारण करणाऱ्यानेच करावा. रंगसंस्कार आणि परिणाम यांच्या बाबतीत अनेक संकलन-प्रणाली एनव्हिडियाच्या ‘कुडा’ तंत्राचा चांगला उपयोग करून घेतात, ही त्या कार्डांची जमेची बाजू आहे. ‘डाव्हिन्ची रिझॉल्व्ह’ची विनामूल्य आवृत्ती आणि सशुल्क ‘स्टुडिओ’ आवृत्ती यांच्यात हार्डवेअर वापरण्याच्या क्षमतेत फरक आहे. कार्डावर खर्च करण्यापूर्वी आपली आवृत्ती त्याचा लाभ घेऊ शकते काय, हे तपासणे इष्ट.

आणि खर्चच न करण्याचाही एक मार्ग आहे. मूळ चित्रफितींच्या कमी आकारमानाच्या प्रती, ज्यांना ‘प्रॉक्सी’ म्हणतात, तयार करून त्यांवर संकलन करावे आणि शेवटी मूळ फितींवरून अंतिम प्रत काढावी. प्रती तयार होण्यास वेळ लागतो. तो रात्री लावून देता येतो. चार-पाच वर्षांपूर्वीच्या संगणकावरही या पद्धतीने फोर के लग्न संकलित करता येते. रॅम १६ जीबीपेक्षा कमी असेल किंवा चित्रफिती जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असतील, तर कार्डाच्या आधी तेथे लक्ष द्यावे. अर्थात, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मेमरी चिपची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमतीही झपाट्याने वाढल्या, ही त्यातली अडचण.

मराठी वाचकाला लखनौ पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्यामुळेही जवळचे आहे. १९२६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने येथे सुरू झालेले मॅरिस कॉलेज आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. एखाद्या मैफलीचे दोन-तीन स्थिर कॅमेऱ्यांवर चित्रीकरण करून ते जोडावयाचे असेल, तर महाग ग्राफिक्स कार्डाचा काडीइतकाही उपयोग होत नाही. तो पैसा मायक्रोफोनवर खर्च व्हावा.

वीज, ऊन आणि धूळ

कार्ड निवडताना सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे संगणकाला वीज पुरविणारा ‘एसएमपीएस’. स्वस्त कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. तो आकडा पाहू नये. डब्याच्या बाजूवरील तक्त्यात १२ व्होल्टचा रकाना शोधावा आणि तेथील अँपिअरला १२ ने गुणावे. तेथे १६ अँपिअर लिहिले असेल, तर कार्ड आणि प्रोसेसर या दोघांना मिळून केवळ १९२ वॅट उपलब्ध आहेत. ‘आरटीएक्स ३०६०’ एकटेच १७० वॅटपर्यंत वीज घेते. उरलेल्या २२ वॅटवर प्रोसेसर चालणार नाही. खेळ रंगात आला असता संगणक अचानक बंद पडेल आणि दोष कार्डावर येईल.

मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर द्यावी लागते. सहा पिनांची वायर ७५ आणि आठ पिनांची १५० वॅटसाठी असते. एसएमपीएसला ती वायरच नसेल, तर तो एसएमपीएस त्या कार्डासाठी बनविलेला नाही, असे समजावे. हार्ड डिस्कच्या वायरला जोडणी लावून काम भागविण्याचा सल्ला मिळाला तरी तो मानू नये. तापलेली वायर हे घरातील आगीला निमंत्रण आहे. कार्यालयांतून निवृत्त झालेले नामांकित कंपन्यांचे संगणक स्वस्तात मिळतात, त्यांचे एसएमपीएस अनेकदा विशिष्ट आकाराचे असतात आणि बदलताही येत नाहीत. अशांसाठी ७० वॅटवर चालणारे ‘आरटीएक्स ३०५०’ ६ जीबी किंवा जुने ‘जीटीएक्स १६५०’ यांची वेगळी वायर न लागणारी मॉडेल हा व्यवहार्य पर्याय होय. बारक्या कॅबिनेटमध्ये कार्डाची उंचीही कमी लागते, तेव्हा टेप घेऊन मोजमाप केल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

वीज जाण्या-येण्याच्या वेळेसाठी घरात ६०० व्हीएचा यूपीएस असतो. त्याची प्रत्यक्ष क्षमता साधारण ३६० वॅट असते. ११५ वॅटच्या ‘आरटीएक्स ४०६०’ सारख्या कार्डासह तो काम जतन करून संगणक बंद करण्यापुरता वेळ देतो. अडीचशे वॅटच्या कार्डासह तो तेवढेही करील याची शाश्वती नाही. स्क्वेअर वेव्ह प्रकारच्या घरगुती इन्व्हर्टरवर असा संगणक चालवू नये.

मे आणि जूनमध्ये लखनौचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते, विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना याची निराळी कल्पना द्यावयास नको. खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढले की कार्डाचेही जवळजवळ तितकेच वाढते. चिप ८० अंशांच्या आसपास चालणे नेहमीचे आहे; त्यापुढे ती स्वतःचा वेग कमी करून स्वतःला वाचविते. म्हणजेच जानेवारीत घेतलेल्या कार्डाचा वेग जूनमध्ये घटू शकतो. दोन किंवा तीन पंख्यांचे कार्ड, समोर जाळी असलेले कॅबिनेट आणि भिंतीपासून वीतभर अंतर यांनी बराच फरक पडतो. साफसफाई करताना पंख्याचे पाते बोटाने धरून मगच ब्लोअरची हवा मारावी. हवेने गरगर फिरलेला पंखा निकामी होऊ शकतो.

जुने कार्ड घ्यावे काय

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक्स कार्डांच्या साहाय्याने होणारी ‘खाणकाम’ पद्धत बंद केली. त्यानंतर अहोरात्र राबलेली असंख्य कार्डे जगभर जुन्या बाजारात आली. अशी सर्वच कार्डे वाईट नसतात, परंतु त्यांचे पंखे आणि मेमरी झिजलेली असण्याचा संभव असतो. ‘आरएक्स ५८०’ घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या काही कार्डांत मूळच्या २ हजार ३०४ ऐवजी २ हजार ४८ च गणन-घटक असतात. याशिवाय जुन्याच चिपमध्ये फेरफार करून ती नव्या मॉडेलच्या नावाने विकण्याचे प्रकारही घडले आहेत. ‘जीपीयू-झेड’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर अशी अनेक बनावट कार्डे ओळखते आणि तसे पडद्यावर दाखविते. जुने कार्ड घेताना ते विक्रेत्याच्याच संगणकावर चालवून पाहावे, हे सॉफ्टवेअर उघडावे आणि पंधरा-वीस मिनिटे एखादा जड खेळ सुरू ठेवून चित्रात ठिगळे किंवा रेघा दिसतात काय हे तपासावे. पैसे त्यानंतर द्यावेत.

वयाचाही विचार हवा. ‘जीटीएक्स १०५० टीआय’ व ‘१०६०’ ज्या मालिकेत येतात, तिला नव्या खेळांसाठी मिळणाऱ्या ड्रायव्हरचे पाठबळ ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. पुढे केवळ सुरक्षेपुरते बदल मिळतात. ‘जीटी ७१०’ सारख्या जुन्या कार्डांचे ते त्याच्याही बऱ्याच आधी थांबले. अशी कार्डे ‘४ जीबी गेमिंग कार्ड’ म्हणून पुढे केली जात असतील, तर नम्रपणे नकार द्यावा.

पैसे देण्यापूर्वी

नव्या कार्डाच्या बाबतीत पक्के बिल घेण्याचा आग्रह धरावा. बिल नको म्हटल्यास किंमत कमी होते, हे खरे. पण हमी बजावण्याची वेळ आली की तेच बिल मागितले जाते. वस्तू व सेवा कराखाली नोंदणी असलेल्या चित्रीकरण व्यावसायिकाला तर कराच्या वजावटीचाही लाभ मिळू शकतो, तेव्हा विनाबिल खरेदी करून तो स्वतःचेच नुकसान करतो. खोक्यावरील आणि कार्डावरील अनुक्रमांक एकच आहे ना, हे दुकानातच पाहावे. परदेशातून परस्पर आलेल्या कार्डाला भारतात हमी मिळेलच असे नाही. अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकून हमीचा कालावधी किती दिसतो, हे मोबाइलवर तेथल्या तेथे पाहता येते. हमीची सेवा लखनौतच मिळेल की कार्ड दिल्लीला पाठवावे लागेल, हेही विचारून घ्यावे. सहालगच्या तोंडावर कार्ड पंधरा दिवस बाहेरगावी गेले, तर संकलकाचा हंगाम जातो.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी कार्डाला पूर्ण ताण देऊन पाहावे आणि खोके, पिशव्या, बिल जपून ठेवावे. सदोष वस्तूबाबत दुकानदार व उत्पादक दोघेही हात वर करीत असतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. तक्रारीच्या वेळी बिल क्रमांक, अनुक्रमांक आणि दोषाचे मोबाइलवर केलेले चित्रीकरण हाताशी असावे.